तरुणांनी राखलेले रान आणि त्याचे मूल्यमापन

(प्राथमिक शिक्षकांपुढे चाळीसगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावातील तरुण मंडळाने केलेली वृक्षलागवड, बांधलेला बंधारा किंवा राखलेले रान पाहून त्याविषयी चार ओळींचा अभिप्राय लिहून देण्याचा प्रसंग प्राथमिक शिक्षकावर वारंवार येतो. ग्रामपंचायतीला अहवाल हवा असतो, एखाद्या संस्थेला पारितोषिकासाठी दाखला हवा असतो, आणि लिहिणारा, वाचणारा व गावातील तटांपासून दूर राहणारा मनुष्य म्हणून साऱ्यांची दृष्टी शाळेकडे वळते. शिक्षकही बहुधा सौजन्यापोटी दोन चांगले शब्द लिहून मोकळा होतो. मुलांनी उन्हातान्हात खड्डे खणले आहेत, त्यांस नाउमेद कशाला करावे, हा विचार मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु त्या दाखल्याच्या आधारावर पुढील वर्षाचा पैसा, गायरानाची जमीन आणि पुन्हा त्याच मुलांचे श्रम खर्ची पडावयाचे असतात. वाळलेल्या रोपांच्या कामास आणि जगलेल्या रोपांच्या कामास एकच प्रशंसापत्र मिळू लागले, म्हणजे प्रामाणिकपणे पाणी घालणाऱ्या मंडळाचीच निराशा होते.

हवामानाचा पालट हा विषय चाळीसगाव तालुक्यास आता पुस्तकातून शिकावयाचा राहिलेला नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नडच्या घाटात व सातमाळ्याच्या कुशीत असा काही पाऊस कोसळला की तितूर आणि डोंगरी ह्या दोन्ही नद्या एकाच वेळी पात्राबाहेर आल्या, घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली, शहरात व काठच्या गावांत पाणी शिरले आणि शेतकऱ्यांची जनावरे दावणीसकट वाहून गेली. ज्या तालुक्यात टँकरची वाट पाहण्याची सवय, त्याच तालुक्यावर ही आपत्ती आली. डोंगरउतार उघडे असतील तर पाणी थांबत नाही व मातीही थांबत नाही, एवढे शास्त्र तेव्हा लहान मुलांच्याही ध्यानी आले. त्या सुमारास व त्यानंतर झाडे लावण्याचा, चर खणण्याचा उत्साह तरुणांत दिसतो, तो स्वागतार्हच आहे. उत्साहाचे फळ कसे ओळखावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. त्यासाठी दोन गावांकडे पाहिले पाहिजे. एक खानदेशातील आहे. दुसरे महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकास, जेथे कित्येक वर्षे बंदुकीचे सावट होते अशा प्रदेशातील आहे.

खानदेशातील गाव म्हणजे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा. कोकणा आदिवासींची ही लहानशी वस्ती गुजरातच्या सीमेलगत आहे. १९९० च्या सुमारास येथील रान तोडीने उजाड झाले होते आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी बायकांना दूरवर जावे लागे. एम. कॉम. पर्यंत शिकलेला चैत्राम पवार हा तरुण नोकरीच्या मागे न लागता गावात राहिला. त्याने समवयस्क तरुणांना व वडीलधाऱ्यांना एकत्र केले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ठरविली, नियम मोडणाऱ्यास दंड बसविला आणि श्रमदानाने नाल्यांवर बांध घातले. सुमारे अकराशे एकरांचे जंगल गावाने राखले. विहिरींना पाणी आले, रानभाज्या परत आल्या. त्या रानभाज्या ओळखून रांधण्याची बायकांची स्पर्धा २००४ पासून तेथे भरू लागली. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. हे सर्व वर्तमानपत्रांतून शिक्षकांच्या वाचनात आलेच असेल. पहिले काम आणि पद्मश्री ह्यांच्यामध्ये तीस वर्षांहून अधिक काळ गेला, ही गोष्ट मात्र वाचणाऱ्याच्या ध्यानातून निसटते. पहिल्या वर्षी कोणी मूल्यमापन करण्यास गेला असता, तर त्यास उघडी टेकडी व काही हट्टी पोरे ह्यांवाचून काहीच दिसले नसते.

दुसरे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा). शंभराच्या आसपास घरे असलेले हे गोंडांचे गाव आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली निर्माण झाला, आणि साधारण त्याच काळात आंध्र प्रदेशातून नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्या ह्या रानात येऊ लागल्या. तेव्हापासून गावकऱ्यांच्या एका बाजूस बंदूकधारी दलम व दुसऱ्या बाजूस पोलीस अशी स्थिती चार दशके राहिली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ झालेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान व त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले, ते अद्याप विस्मृतीत गेलेले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली.

अशा मुलखात मेंढ्याचे काम सुरू झाले ते झाडे लावण्यापासून नव्हे. गोदावरी व इंद्रावती ह्या नद्यांवरील इचमपल्ली व भोपालपट्टणम् ह्या धरणांमुळे फार मोठे जंगल बुडणार होते. त्याविरुद्ध १९८० नंतरच्या दशकात जंगल बचाव, मानव बचाव हे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते, तसेच आदिवासी पुढारीही होते. ती धरणे पुढे मागे पडली. ह्या आंदोलनातून दोन तरुण एकत्र आले. एक मेंढ्याचे देवाजी तोफा आणि दुसरे जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल. मोहन हिराबाई हिरालाल यांचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले. परक्या मनुष्याने गावाचे पुढारीपण घ्यावयाचे नाही, निर्णय गावाने करावयाचा, बाहेरच्याने माहिती पुरवावयाची, अशी वाटणी त्यांनी आरंभापासून ठेवली. त्यासाठी गावात अभ्यासगट बसू लागले. जंगलाचा कायदा काय म्हणतो, बांबू कसा तोडला म्हणजे पुन्हा फुटतो, माश्या न मारता मध कसा काढावा, अशा विषयांवर निरक्षर वृद्ध आणि शाळा शिकलेला तरुण एकत्र बसून चर्चा करीत. शिक्षकाच्या दृष्टीने पाहता प्रौढशिक्षणाचा इतका उत्तम वर्ग अन्यत्र क्वचित भरला असेल.

गावाने निर्णयाची रीत ठरविली ती बहुमताची नव्हे, सर्वसहमतीची. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जाई. त्यामुळे कामे अतिशय मंद गतीने झाली. दारूबंदीसारखा विषय निकालात निघण्यास बैठकांमागून बैठका लागल्या, आणि त्यात बायकांचा आवाज निर्णायक ठरला. सभा बायकांच्या सवडीने घ्याव्या लागल्या. गोटुलाचा प्रसंग तर विशेष प्रसिद्ध आहे. गोटुल म्हणजे गोंड तरुणांचे एकत्र येण्याचे व शिकण्याचे घर. गावाने रानातील सागाचे लाकूड आणून ते पुन्हा उभारले, तेव्हा वनखात्याने कायद्यावर बोट ठेवून ते पाडले. गावाने हाणामारी केली नाही. आसपासच्या गावांची सभा भरली आणि हे गोटुल पुन्हा पाडल्यास प्रत्येक गाव आपापले गोटुल उभारील, असा ठराव झाला. त्यानंतर गोटुल उभे राहिले व टिकले.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा झाला आणि त्याखाली २००९ साली मेंढ्यास सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. कागद मिळाला तरी बांबू मात्र विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी स्वतः मेंढ्यास जाऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. योगायोग असा की ज्या २००९ साली हा हक्क मिळाला, त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन विदुषीस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गावकरी स्वतः नियम करून सामाईक रान, पाणी व कुरण दीर्घकाळ सांभाळू शकतात, हे तिने जगभरच्या उदाहरणांनी दाखविले होते.

ह्या कामाचे मोल कशाने ठरवावे? आपल्याकडे सर्वांत सोपे म्हणून रोपांचा आकडा मोजण्याची प्रथा पडली आहे. राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी व २०१९ साली तेहेतीस कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि त्यातील कित्येक खड्डे शाळेच्या आवारातही खणले गेले, हे शिक्षकांस स्मरत असेल. उद्दिष्टामुळे हवा निर्माण होते, ही गोष्ट मान्य. पण आकडा पावसाळ्यात लिहिला जातो आणि रोप मरते ते वैशाखात. मेंढ्याने तर लागवडीचा डोलारा उभारलाच नाही. असलेले रान तुटू दिले नाही, एवढेच त्याने केले. रोपांच्या आकड्याने मोजल्यास मेंढ्याच्या वाट्यास जवळजवळ शून्य येईल.

झाड हवेतील कर्बवायू शोषून घेते हे चौथीच्या मुलासही ठाऊक असते. त्याचे प्रमाण मात्र थोडे समजून घेतले पाहिजे. वाळलेल्या लाकडाच्या वजनातील साधारण निम्मा भाग कर्ब असतो, आणि एक किलो कर्ब म्हणजे हवेतून काढून घेतलेला सुमारे ३.६७ किलो कर्बवायू. यावरून उघड होते की ज्या झाडाचे खोडच बोटाएवढे आहे, त्याने अद्याप फारसे काही साठविलेले नाही. लागवडीच्या दिवशीच अमुक टन कर्बवायू शोषला असे फलकावर लिहिणारे मंडळ बीज पेरून पिकाची पावती मागते. उलट पन्नास वर्षांचा निंब किंवा मोह तोडू दिला नाही, तर तो साठा आजच जागेवर राहतो. खोड मोजण्याची वनखात्याची रीत सोपी आहे. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर फितीने घेर घ्यावयाचा, तेथे रंगाचा पट्टा ओढावयाचा आणि पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर पुन्हा मोजावयाचे. पाटणादेवीच्या परिसराशी ज्या भास्कराचार्यांचे नाव जोडले जाते, त्यांच्या तालुक्यातील मुलांना घेरावरून व्यास काढण्यास ह्याहून चांगले उदाहरण कोठे शोधावे?

पाण्याच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे. बंधारा बांधला आणि विहिरीला पाणी आले, एवढ्यावरून बंधाऱ्यामुळे पाणी आले असे सिद्ध होत नाही. त्या वर्षी पाऊसच भरपूर झाला असेल, तर बंधारा नसलेल्या शेजारच्या गावातही विहिरी भरलेल्या असतील. म्हणून शेजारच्या गावाची एक विहीर सोबत मोजल्यावाचून आपल्या गावाच्या विहिरीविषयी काहीही लिहू नये. काम सुरू होण्यापूर्वीची नोंद नसेल, तर ती नाही असेच स्पष्ट लिहावे. नंतर आठवणीने भरलेला आकडा बहुधा कामाच्या बाजूने झुकतो. आणखी एक गोष्ट आपल्या गिरणा खोऱ्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको. पाणी वाढले की ऊस आणि केळी वाढतात, आणि चार वर्षांत विहीर पुन्हा तळाशी जाते. तेव्हा पाण्याबरोबर पिकेही लिहिली पाहिजेत.

संघर्षाच्या प्रदेशात ह्या मोजमापांच्या आधी आणखी एक प्रश्न येतो. कामामुळे, किंवा मूल्यमापनामुळेच, कोणास इजा पोचते काय? गडचिरोलीतील एखादा तरुण सभा घेतो, बाहेरच्या पाहुण्यांशी बोलतो, पैशाचा हिशेब ठेवतो. एक बाजू त्यास सरकारचा माणूस समजू शकते, दुसरी बाजू दलमचा. तेंदूपानाच्या हंगामात ग्रामसभेकडे पैसा येतो, तेव्हा त्या पैशावर अनेकांची नजर असते. अशा ठिकाणी अहवालात नावे, छायाचित्रे व कोणी काय म्हटले ह्याची नोंद छापणे म्हणजे एखाद्याच्या जिवाशी खेळणे होय. तसेच पाहुण्यांपुढे भरलेल्या सभेत कोणी विरोध केला नाही, म्हणजे सर्वांची संमती होती, असे मानणे भाबडेपणाचे आहे. भीतीही गप्प बसते आणि समाधानही गप्प बसते. त्यांतील भेद कळण्यास एका दिवसाची भेट पुरत नाही. मेंढ्याची सर्वसहमतीची रीत ह्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेथे 'नाही' म्हणण्याचा अधिकार नियमानेच राखलेला होता, आणि तो लोक वापरीत होते. एखाद्या मंडळाच्या इतिवृत्तात एकही मतभेद नोंदलेला नसेल, तर मूल्यमापकाने खूश होण्याऐवजी साशंक व्हावे.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. गावात रान राखले गेले आणि गावात शांतता राहिली, म्हणून रानामुळे शांतता आली असे उत्साही अहवाल लिहितात. गडचिरोलीतील हिंसा ओसरण्यास पोलीस, रस्ते, शाळा, शरणागतीच्या योजना आणि माओवाद्यांतील आपसांतले मतभेद अशी अनेक कारणे आहेत. एका ग्रामसभेच्या पदरात ते सारे श्रेय टाकता येणार नाही. पुराव्यानिशी म्हणता येते ते एवढेच की हाती शस्त्र न घेता, उघड्या सभेत, कायद्याचे पुस्तक वाचून सरकारकडून हक्क मिळविता येतो, हे तेथील तरुणांनी प्रत्यक्ष करून दाखविले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ९ डिसेंबर २०१५ रोजी संमत केलेल्या २२५० क्रमांकाच्या ठरावात शांततेच्या कामी तरुणांस निर्णयात वाटा द्यावा असे म्हटले आहे. मेंढ्यात ती गोष्ट त्यापूर्वीच घडत होती. मात्र त्याच जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्काचे कागद मिळाले असून त्यांतील प्रत्येक गाव मेंढा झालेले नाही, हेही लिहिले पाहिजे. पाहुणे नेहमी एकाच गावी जातात आणि त्यावरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढतात, ही शाळातपासणीत एकच हुशार मुलगा उभा करण्यासारखी गोष्ट झाली.

आपल्या तालुक्यात बंदूक नाही, म्हणून संघर्ष नाही असे कोणी समजू नये. गायरानावर तरुण मंडळाने चराईबंदी केली की गाव हिरवे दिसू लागते. पण ज्या भूमिहीन बाईचे पोट चार शेळ्यांवर आहे, तिने त्या शेळ्या न्यावयाच्या कोठे? मेंढरे घेऊन दरवर्षी त्याच वाटेने येणाऱ्या ठेलारी कुटुंबास वाट बंद झाली, तर तो कोणास विचारील? बंधाऱ्याचे पाणी वरच्या शेतकऱ्याने अडविले आणि खालच्याची विहीर आटली, ह्यावरून भाऊबंदकी पेटल्याची उदाहरणे शिक्षकांनीच पाहिली असतील. हिरवे रान पाहणे सुखाचे असते. त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे अप्रिय असते, तरी तेच विचारले पाहिजे. बारीपाड्यात व मेंढ्यात रान राखणारे व रानावर जगणारे हे एकच लोक होते, म्हणून बंदी टिकली. जेथे राखणारे वेगळे आणि भोगणारे वेगळे, तेथे कुंपण पहिल्या दुष्काळात मोडते.

तरुणांचे काम म्हणविणारे काम खरोखर तरुणांचे आहे काय, हेही तपासण्याजोगे आहे. फलकावर युवक मंडळाचे नाव असते, आणि जागा, रोपांची जात, उद्घाटनाचा पाहुणा व पैसा हे सारे वडीलधाऱ्या पुढाऱ्याने ठरविलेले असते. खड्डे तेवढे तरुणांचे. ह्याची खूण सोपी आहे. मंडळाने कोणता निर्णय स्वतः बदलला, असे विचारावे. उत्तर आले की पहिल्या वर्षी गुलमोहर लावला, तो मेला, म्हणून दुसऱ्या वर्षी निंब व बाभूळ घेतले, तर ते मंडळ विचार करणारे आहे असे समजावे. मुलींचे नाव यादीत असते, त्या बैठकीस येतात काय, हे वेळेवरून कळते. रात्री नऊनंतर पारावर भरणाऱ्या बैठकीस कोणती मुलगी येणार?

ज्या शाळांकडे असा अभिप्राय मागितला जाईल, त्यांनी पुढील रीत ठेवावी. लागवडीतील प्रत्येक दहावा खड्डा मोजावा, आणि तो तीन वेळा मोजावा. पहिल्यांदा पावसाळा संपताच ऑक्टोबरात, दुसऱ्यांदा मे महिन्याच्या अखेरीस, तिसऱ्यांदा पुढील वर्षीच्या मे अखेरीस. मेलेल्या रोपापुढे कारण लिहावे. पाणी, शेळी, वाळवी, चोरी हे चार शब्द बहुधा पुरतात. विहिरीची पातळी काठापासून दोरीला दगड बांधून दर महिन्याच्या एकाच तारखेस घ्यावी, शेजारच्या गावच्या विहिरीसह, आणि शेजारी तालुक्याच्या पर्जन्यमापकाचा त्या महिन्याचा आकडा लिहावा. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या निदान तीन कुटुंबांशी, मंडळाचे कोणी हजर नसताना, बोलावे व नावे न लिहिता त्यांचे म्हणणे नोंदवावे. ही वही मुलांच्या हाती द्यावी, तिच्यात खाडाखोड झाली तरी चालेल, परंतु गतवर्षीचे पान फाडू नये. अभिप्राय लिहून झाला की प्रथम तो तरुण मंडळास वाचून दाखवावा, त्यांचा आक्षेप असल्यास त्याखाली तो त्यांच्याच शब्दांत लिहू द्यावा, आणि मगच सही करून पुढे पाठवावा.